आधी धरणाची पातळी, मग पक्षी : बेळगाव भागातलं हिवाळी पक्षीनिरीक्षण

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही चौघं राकसकोप धरणावर गेलो होतो. नवी दुर्बीण, थर्मासभर चहा, गळ्यात मफलर, सगळा जामानिमा होता. तीन तास काठावर बसून आम्हाला दोन पाणकावळे, एक खंड्या आणि लांबवर एक घार दिसली. परतताना गाडीत एकजण म्हणाला, ‘यंदा पक्षी आलेच नाहीत वाटतं.’ बाकीच्यांनी मान डोलावली.

पक्षी आले होते. आम्हीच चुकीच्या पाण्यावर गेलो होतो. त्या वर्षी परतीचा पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला होता आणि जलाशय अजून काठोकाठ होता. काठोकाठ भरलेलं धरण फोटोत छान दिसतं, पण चिखलात चोच खुपसून पोट भरणाऱ्या पक्ष्याला तिथे उभं राहायलाही जागा नसते. तेव्हापासून मी घराबाहेर पडायच्या आधी पाण्याची चौकशी करतो, पक्ष्यांची नंतर. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

पाणी किती, ते आधी बघा

आपल्या भागातली बहुतेक मोठी पाणथळं माणसाने अडवलेली आहेत. राकसकोप मार्कंडेय नदीवर, बेळगाव शहराला पाणी देणारं. हिडकल घटप्रभेवर, हुक्केरी तालुक्यात, ५१ टीएमसीचं. नविलुतीर्थ मलप्रभेवर, सौंदत्तीजवळ, ३७.७३ टीएमसीचं. यांची पातळी कुणीतरी चावी फिरवून ठरवतं, त्यामुळे पक्ष्यांचं वेळापत्रकही थोडंफार त्या चावीवर चालतं.

पूर्ण पातळीचे आकडे वहीत लिहून ठेवा: राकसकोप २,४७५ फूट, हिडकल २,१७५ फूट, नविलुतीर्थ २,०७९.५० फूट. पावसाळ्यात वर्तमानपत्रं ही पातळी रोज छापतात, नंतर अधूनमधून. आजची पातळी पूर्ण पातळीच्या जवळ असेल तर काठाला चिखलाचा पट्टा नाही असं समजा. पाणी काही फुटांनी उतरलं की काठालगत ओला गाळ उघडा पडतो आणि आठवड्याभरात तिथे चिलखे, तुतारी, टिलवे असे चिखलातले छोटे पक्षी फिरू लागतात. पाणी फारच खाली गेलं, गाळ वाळून भेगाळला, की हीच मंडळी उठून दुसरीकडे जातात.

कोणत्या पक्ष्याला किती पाणी लागतं हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. छोटे चिलखे ओल्या गाळावरच पळतात, पाण्यात पाय घालायला फारसे राजी नसतात. तुतारी घोटाभर पाण्यापर्यंत जाते. शेकाट्याचे पाय लांबलचक, त्यामुळे तो आणखी आत उभा राहू शकतो. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, हळदी-कुंकू ही बदकं बूड वर करून डोकं पाण्यात घालतात, म्हणजे त्यांना मान पोचेल इतकंच उथळ पाणी हवं. लालसरी मात्र पूर्ण बुडी मारते, तिला खोल पाणी चालतं. पाणकावळ्याला आणि टिबुकलीलाही चालतं. आमच्या त्या रविवारी पाणकावळेच का दिसले, हे आता कळलं असेल.

आता घटप्रभेची गंमत बघा. हिडकलमधून सोडलेलं पाणी खाली धुपदाळच्या बंधाऱ्यात येतं आणि तिथून डावा कालवा निघतो. उजवा कालवा थेट हिडकलहून. रब्बीसाठी कालव्याला पाणी सोडलं की धुपदाळचा काठ एका रात्रीत बदलतो. एकदा मी तिथे पहाटे पोचलो, तर आदल्या आठवड्यात हेरून ठेवलेलं गाळाचं बेट गायब. जाळं आवरत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने माझा चेहरा बघूनच सांगितलं, ‘नीर बिट्टार्री.’ पाणी सोडलंय. मग हाताने वरच्या अंगाला, नदीच्या वळणाकडे बोट दाखवलं. बदकं तिथे होती. तेव्हापासून मासेमारी करणाऱ्यांशी दोन शब्द बोलल्याशिवाय मी दुर्बीण काढत नाही. कन्नड मोडकंतोडकं येत असलं तरी ‘हक्की यल्ली बर्तावरी?’ एवढं विचारता आलं तरी पुरतं. पक्षी कुठे येतात, एवढाच त्याचा अर्थ. राकसकोप-तुडये बाजूला तर मराठीतच विचारा.

महिन्यांचा हिशोब

हिवाळी पाहुणे म्हटलं की लोकांना डिसेंबर आठवतो, पण चिखलातले पक्षी ऑगस्टअखेरपासूनच उतरायला लागतात. सप्टेंबरात धोबी दिसतो. बदकांची गर्दी नोव्हेंबरपासून. डिसेंबर आणि जानेवारी हा भर. फेब्रुवारीत पांगापांग सुरू होते आणि मार्चमध्ये बरेचसे निघून गेलेले असतात. फक्त दोनच फेऱ्या जमणार असतील तर एक डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि दुसरी जानेवारीअखेरीस ठेवा.

येणारा प्रत्येक पक्षी ‘सायबेरियन’ नसतो, हेही सांगून टाकतो. कुठेही मोठे पांढरे पक्षी दिसले की लोक सायबेरियाच्या नावाने मोकळे होतात. चित्रबलाक आणि मुग्धबलाक हे आपल्याच देशातले. पट्टकादंब हंस मंगोलिया, तिबेट, लडाखच्या उंच सरोवरांवरून हिमालय ओलांडून येतात. कांड्या करकोचे मंगोलिया-कझाकस्तानच्या गवताळ माळांवरून. सायबेरियाहून येणाऱ्यांत तलवार बदकासारखी काही बदकं नक्की आहेत, पण सगळ्यांचं खापर एकाच प्रदेशावर फोडू नका.

पहिले चार रविवार घराजवळच

नवख्याने थेट धुपदाळला जाऊ नये, हे माझं ठाम मत. शंभर फुटांवर एकटा उभा असलेला पक्षी ओळखता येत नसेल, तर पाचशे फुटांवरच्या हजारभर ठिपक्यांत काय सापडणार?

बेळगाव शहरात किल्ला तलाव आहे. तिथे टिबुकली, पाणकावळा, वंचक, बगळे यांच्यावर हात बसवा. वंचक म्हणजे काठावर मातीच्या रंगाचा होऊन बसणारा आणि उडाला की अचानक पांढरेशुभ्र पंख दाखवणारा. हा एकच पक्षी नीट अर्धा तास बघितलात तरी पक्षी बसताना वेगळा आणि उडताना वेगळा दिसतो हा धडा कायमचा मिळतो.

त्याहून मला आवडतं ते वडगाव-येळ्ळूरचं शिवार. भात कापून झालं की खाचरांत ओल असते, मसूर-वाटाणा-हरभरा पेरलेला असतो आणि बळ्ळारी नाल्याच्या बाजूला कुठे कुठे पाणी साचलेलं असतं. बासमतीसाठी नाव काढलेल्या या पट्ट्यात सकाळी सातला बांधावरून चाला. पिवळा धोबी, पांढरा धोबी, गायबगळे, टिटवी, काळा शराटी, कवड्या खंड्या, तारेवर ओळीने बसलेल्या माळभिंगऱ्या. नशीब असेल तर वरून संथ तरंगत, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा दाखवत भोवत्या हा शिकारी पक्षी जाईल. सायकलवरून होणारी ही फेरी आहे, पेट्रोलही लागत नाही. पेरलेल्या वाफ्यात पाय टाकू नका एवढंच. शेतकरी ओरडला तर तो बरोबर आहे.

मग राकसकोप

शहरापासून साधारण सोळा किलोमीटर. जलाशयाचा काही भाग चंदगड तालुक्यातल्या तुडये गावाकडे पसरलेला, म्हणजे पक्षी कर्नाटकातून उठून महाराष्ट्रात बसतो आणि त्याचं त्याला काहीच वाटत नाही. इथे भिंतीजवळ थांबण्यात अर्थ नाही, तिथे पाणी खोल. मागच्या अंगाला, जिथे ओढे येऊन मिळतात त्या उथळ फाट्यांकडे जा. जानेवारीत पाणी उतरल्यावर काठाची तांबडी माती उघडी पडते आणि मग हळदी-कुंकू बदकांच्या जोड्या, राखी बगळे, नदी सुरय आणि टिटव्या दिसतात. पश्चिमेला झाडी असल्याने पाण्यावरचे आणि रानातले पक्षी एकाच सकाळी मिळतात, हा इथला खरा फायदा. हजारोंचे थवे मात्र इथे शोधू नका.

धुपदाळ, म्हणजे घटप्रभा पक्षीधाम

गोकाक तालुक्यातलं हे अभयारण्य १९७४ साली जाहीर झालं. क्षेत्रफळ २९.७८ चौरस किलोमीटर. बंधाऱ्यामुळे घटप्रभेचं पाणी पसरट झालं आहे, त्यात गाळाची बेटं आणि झाडी आहे. कांड्या करकोचा आणि युरोपातून येणारा पांढरा करकोचा या दोन हिवाळी पाहुण्यांसाठी ही जागा ओळखली जाते. राकसकोपहून मार्कंडेयेत वाहणारं पाणीच पुढे गोकाकच्या परिसरात घटप्रभेला मिळतं. घाटाकडचा हिरवा मुलूख सोडून तुम्ही काळ्या मातीच्या, कमी पावसाच्या माळावर येता आणि त्याबरोबर पक्षीही बदलतात.

रेल्वेने जायचं तर बेळगाव-मिरज मार्गावर घटप्रभा स्टेशन आहे, तिथून रिक्षा मिळते. पण पहाटेच्या वेळेशी रेल्वे जुळतेच असं नाही. आम्ही पाचला बेळगाव सोडतो. डिसेंबर-जानेवारीत इथे सूर्य पावणेसात ते सातच्या दरम्यान उगवतो, त्याच्या वीसेक मिनिटं आधी काठावर असणं महत्त्वाचं. रात्रभर पाण्यात उभे राहिलेले कांड्या करकोचे उजाडल्यावर चरायला उठतात. तो आवाज एकदा ऐकला की पुढच्या वर्षी पहाटे चारचा गजर जड जात नाही. शाळू, हरभरा, भुईमुगाच्या रानात ते चरतात आणि ऊन वर आलं की पाणी प्यायला आणि विसाव्याला पुन्हा नदीकडे वळतात. म्हणजे पहाट चुकली तरी दिवस वाया गेला असं समजू नका. मधल्या वेळात गाडी हळू चालवत रस्त्याकडेची शेतं बघा. पांढरा करकोचा तर बहुधा शेतातच भेटेल, टोळ-किडे वेचत, एखाद्या पेन्शनरासारखा सावकाश चालताना.

इथे बसायची बाजू निवडताना एक युक्ती कामी येते. हिवाळ्यात सूर्य दिवसभर आकाशाच्या दक्षिण भागात असतो. आपल्या घटप्रभा, मलप्रभा, कृष्णा या नद्या ढोबळमानाने पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. म्हणून दक्षिण काठावर उत्तरेकडे तोंड करून बसलात तर ऊन बहुतेक वेळ पाठीशी राहतं आणि पक्ष्याचे रंग दिसतात. उत्तर काठावर बसलात तर समोरच्या चकाकीत प्रत्येक बदक काळं. मी दोन हिवाळे उत्तर काठावरून काळी बदकं मोजली, म्हणून सांगतो. धरणाच्या जलाशयावर नियम सोपा: सकाळी पूर्वेचा काठ, संध्याकाळी पश्चिमेचा.

थोडं लांब जायचं असेल तर

नविलुतीर्थाचा जलाशय मोठा आहे आणि मुनवळ्ळी-सौंदत्ती भागातल्या मागच्या पाण्यावर जानेवारीनंतर चांगली बदकं दिसतात. यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेची यात्रा असेल तो दिवस मात्र टाळा, रस्त्यावरच अडकाल. आलमट्टीच्या मागच्या पाण्यात, बागलकोट बाजूला, रोहित (फ्लेमिंगो) उतरतात. ती दोन दिवसांची फेरी.

खास वेळ काढून जावं असं ठिकाण म्हणजे मागडी. गदग जिल्ह्यात, शिरहट्टी तालुक्यात, गदग शहरापासून सुमारे २६ किलोमीटरवर. पन्नासेक हेक्टरचं, शेतीसाठी पावसाचं पाणी साठवायला बांधलेलं हे तळं २०२४ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेलं. त्या नोंदीनुसार इथे १६६ हून जास्त जातींचे पक्षी आहेत आणि हिवाळ्यात सुमारे ८,००० पट्टकादंब हंस येतात. डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे असलेला हा हंस रात्री आसपासच्या रानात चरतो आणि सकाळी तळ्यावर परततो. त्यामुळे मागडीला पहाटे पाचला पोचण्याची घाई नसली तरी चालते. थवे परतायला लागतात तेव्हा, म्हणजे सूर्योदयानंतरच्या दोन-तीन तासांत, तुम्ही काठावर हवेत. एकामागून एक उतरणाऱ्या त्या रांगा बघताना फोटो काढायचं माझ्या हातून दरवेळी राहूनच जातं. गळ्यात रंगीत पट्टा आणि त्यावर अक्षर-आकडे असलेला हंस दिसला तर तो नीट वाचून लिहून घ्या. मंगोलियात असे पट्टे बांधलेले हंस कर्नाटकातल्या तळ्यांवर सापडले आहेत.

पिशवीत काय

दुर्बीण ८×४२ घ्या. आठ म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसतो, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं तितका पहाटेचा प्रकाश जास्त. दुकानदार २०-३० पटीची झूमवाली दुर्बीण पुढे करील, तिला हात लावू नका; हातात धरली की सगळं जग हलतं. विकत घ्यायच्या आधी एक हिवाळा मित्राबरोबर वाटून वापरली तरी चालेल. लांबच्या थव्यांसाठी तिपाईवरची दूरदर्शी उत्तम, पण गटात एकाकडे असली तरी पुरे.

कपडे मातकट, हिरवट, खाकी. पहाटे १२-१४ अंश आणि दुपारी चटका, म्हणून थर घाला, एक जाड जॅकेट नको. काळ्या रानात चप्पल घालून जाऊ नका. ओली काळी माती पायातली चप्पल काढून घेते आणि परत देत नाही. माझी एक सौंदत्तीच्या रानात आहे. टोपी, पाणी, वही, शिसपेन. शाई दवाने फुटते. भाकरी आणि शेंगाची चटणी कागदात न बांधता डब्यात न्या, कागद वाऱ्याने तळ्यात जातो.

काठावर बसल्यावर

पहिली दहा मिनिटं दुर्बीण डोळ्याला लावू नका. नुसत्या डोळ्यांनी सगळं पाणी एकदा बघा: कुठे गाळ, कुठे पाणवनस्पती, कुठे उघडं पाणी, कुठे हालचाल. मग डावीकडून उजवीकडे, सावकाश, दुर्बिणीने एक फेरी. काठाच्या गवताकडे शेवटी वळा, जांभळी पाणकोंबडी आणि पाणलावा तिथेच दडून असतात.

जवळ जायचं असेल तर सरळ चालत जाऊ नका, तिरकं जा, थांबत थांबत. बदकं एका दिशेला माना वळवून ताठ झाली, चरायची थांबली, की तुम्ही जास्त जवळ आलात. दोन पावलं मागे घ्या आणि बसा. थवा उडवून फोटो काढणारे लोक मला अजिबात सहन होत नाहीत. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याने चरून साठवलेली चरबी तुमच्या एका फोटोसाठी जाळायची, असा तो सौदा असतो.

थवा आपोआप उडाला तर मात्र थव्याकडे बघू नका, आकाशाकडे बघा. शिकारी पक्षी आला असेल. दलदली भोवत्या पाण्यावर घिरट्या घालू लागला की सगळं तळं एकदम उठतं, आणि गवतात लपलेले पक्षीही त्या गडबडीत दिसून जातात.

ओळखायचं कसं

रंगावर जाऊ नका, निदान सुरुवातीला. आकार, चोच, पाय, चाल आणि मग रंग, हा क्रम धरा.

आकारासाठी मापाचे पक्षी ठरवा. टिबुकली मुठीएवढी. चक्रांग लहान बदक. हळदी-कुंकू मोठं बदक. राखी बगळा कमरेच्या उंचीचा. नवीन पक्षी दिसला की ‘हळदी-कुंकूपेक्षा लहान, चक्रांगापेक्षा मोठा’ असं लिहा, नाव नंतर सापडेल.

मराठी नावांनी पक्षी ओळखणं सोपं जातं हा माझा अनुभव. हळदी-कुंकूच्या चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी लाल ठिपके, सवाष्णीच्या कपाळासारखं. वारकरी सगळा काळा आणि कपाळावर पांढरा टिळा, पाण्यावर दिंडी निघाल्यासारखे एकत्र चालतात. थापट्याची चोच गवंड्याच्या थापीसारखी रुंद. तलवार बदकाची शेपटी टोकदार. शेकाट्या म्हणजे काटकुळ्या गुलाबी पायांचा. धोबी शेपटी आपटत चालतो. ही नावं ज्यांनी ठेवली त्यांनी पक्षी नीट बघितले होते.

एकच नाव घोटाळा करतं: करकोचा. मराठीत दोन वेगळ्या कुळांतल्या पक्ष्यांना आपण करकोचा म्हणतो. कांड्या करकोचा हा क्रौंचाच्या कुळातला: अंग राखाडी, मान काळी आणि ते काळे पिसारे छातीवरून खाली लोंबणारे, डोळ्यामागे पांढरा झुपका. पांढरा करकोचा हा बलाकांच्या कुळातला: अंग पांढरं, पंखांच्या कडा काळ्या, चोच आणि पाय लाल. कांड्या थव्याने ओरडत उडतो. पांढरा करकोचा जवळजवळ मुका, चोच आपटून आवाज करतो. मुग्धबलाकाशी गल्लत होत असेल तर चोच बघा, मिटली तरी मध्ये फट राहते. चित्रबलाकाची चोच पिवळी आणि पंखांच्या मागे गुलाबी छटा. उडताना बगळा मान आखडून घेतो, करकोचे दोन्ही प्रकारचे मान ताणून उडतात. एवढं पाठ केलंत तर धुपदाळला तुम्हाला कुणी फसवू शकणार नाही.

चिखलातल्या छोट्या पक्ष्यांनी मात्र पहिल्या वर्षी हार मानायला लावली तर वाईट वाटून घेऊ नका. सगळे राखाडी-तपकिरी, सगळे लगबगीचे. सुरुवात चालीपासून करा. चिलखा पळतो, थांबतो, पळतो. तुतारी सारखी बूड हलवते. लाल पायाचा टिलवा नावाप्रमाणे पायांवरून कळतो, आणि आपल्याला बघून सगळ्यात आधी ओरडतो तोच. बाकीचे ‘छोटे टिलवे, अंदाजे चाळीस’ असं लिहून सोडून द्या. खोटं नाव लिहिण्यापेक्षा हे बरं.

मोजणी

एक एक मोजत बसलात तर थवा उडेपर्यंत शंभरपर्यंतही पोचणार नाही. आधी दहा पक्षी मोजा. त्या दहांनी दुर्बिणीत किती जागा व्यापली ते बघा. तेवढी जागा थव्यावर किती वेळा बसते ते मोजा. तीसेक वेळा बसली तर तीनशे. थवा मध्यभागी दाट आणि कडेला विरळ असतो, म्हणून दाट भागासाठी वेगळा दहाचा ठोकळा घ्या. दोघांनी वेगवेगळं मोजून मग आकडे जुळवा. आधी एकमेकांना आकडा सांगितला की दुसऱ्याचा आपोआप तिकडेच झुकतो.

वहीत तारीख, वेळ, जागा, धरणाची त्या दिवसाची पातळी, हवा आणि जातीवार संख्या. पातळी लिहायला कुणी सांगत नाही, मी सांगतो. तीन-चार वर्षांनी तुमच्याकडे असा तक्ता होईल की हिडकलचा आकडा बघूनच धुपदाळला जायचं की नाही हे ठरवता येईल. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. आणि जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे. तिच्यात एका तळ्याची जबाबदारी घ्या. आपल्या भागातल्या गावतळ्यांकडे मोजणारे फारसे वळत नाहीत.

परवानगी आणि जिवाची काळजी

धरणाच्या भिंतीवर फोटो काढायला साधारणपणे मनाई असते. पहारेकऱ्याशी वाद घालू नका, आधी विचारा. अभयारण्यात वनखात्याची परवानगी घ्या. पाट्या बहुतेक कन्नडमध्ये असतात. ‘निषेधिसलागिदे’ हा शब्द पाटीच्या शेवटी दिसला की वर जे काही लिहिलंय ते करायचं नाही. ड्रोन घरी ठेवा. बेळगाव शहरात लष्करी हद्द ठिकठिकाणी आहे, त्या कुंपणांच्या दिशेने दुर्बीण रोखू नका, तिकडे कितीही सुंदर पक्षी बसला तरी.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला खडकांवर उतरू नका. पाणी कधी सोडतील ते आपल्याला माहीत नसतं. रायबाग, अथणीकडे कृष्णेच्या काठी जाणार असाल तर मगरी आहेत हे लक्षात ठेवा आणि पाण्याच्या कडेला बसू नका. मेलेला पक्षी हाताने उचलू नका. एकाच ठिकाणी बरेच मेलेले दिसले तर वनखात्याला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. जाळ्यात अडकलेला पक्षी दिसला तर जाळं कापायची घाई करू नका, जाळ्याच्या मालकाला हाक मारा. तो बहुतेक वेळा स्वतःच सोडवतो, आणि तुमच्यापेक्षा हलक्या हाताने.

मार्च उजाडल्यावर

फेब्रुवारीअखेर बदकं विरळ झाली की लोक दुर्बीण कपाटात ठेवतात. अजून एक काम बाकी असतं. वडगावच्या शिवारात, किल्ला तलावाच्या काठावर किंवा तुमच्या गच्चीवर, पांढरा धोबी शेवटचा कोणत्या दिवशी दिसला ती तारीख वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. खाली ओळ सोडा. सप्टेंबरात तो परत दिसेल तेव्हा त्या ओळीवर ती तारीख टाकायची आहे.